हृद्‌रोहिणींचे पुनःसंकोचन

फुग्याच्या साहाय्याने रुंद केलेली हृद्‌रोहिणी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी) काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा अरुंद होणे, यास पुनःसंकोचन म्हणतात. मधुमेही रुग्णांत ते अधिक आढळते.

आंड्रेआस ग्रुंट्‌सिख यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे रुग्णाच्या हृद्‌रोहिणीत नलिकेवाटे लहान फुगा नेऊन ती प्रथम रुंद केली. छाती न उघडता होणारा हा उपचार लवकरच सर्वत्र रूढ झाला. भारतात मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी तो १९८६ मध्ये सुरू केला. तथापि सु. एक-तृतीयांश रुग्णांत सहा महिन्यांच्या आत रोहिणी पुन्हा अरुंद होई. ताणलेली भित्ती प्रत्यास्थतेमुळे मागे येते, जखम भरताना ती आक्रसते आणि तीतील अरेखित स्नायुकोशिका वाढून आतील पोकळी व्यापतात, ही त्याची कारणे होत. शरीराची जखम भरून काढण्याची स्वाभाविक क्रियाच येथे अपायकारक ठरते.

१९८६ मध्ये झाक प्युएल यांनी फ्रान्समध्ये व उलरिख सिगवार्ट यांनी स्वित्झर्लंडमध्ये हृद्‌रोहिणीत धातूची जाळी (स्टेंट) बसविली. तिच्यामुळे भित्ती मागे येणे थांबले. कोशिकांची वाढ मात्र थांबली नाही. ती रोखण्यासाठी जाळीवर सिरोलिमस या औषधाचा लेप देण्यात आला. ईस्टर बेटावरील मातीतील सूक्ष्मजंतूपासून मिळालेल्या या द्रव्याच्या संशोधनात भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल अग्रेसर होते. एदुआर्दू सोझा यांनी १९९९ मध्ये साऊँ पाउलू येथे अशी जाळी प्रथम बसविली. त्यानंतर पुनःसंकोचनाचे प्रमाण बरेच घटले. परंतु जाळीत रक्त गोठू नये म्हणून औषधे दीर्घकाळ नियमाने घेणे अटळ झाले.

औषधयुक्त जाळीची किंमत ही भारतातील मोठी अडचण होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने करांव्यतिरिक्त कमाल किंमत साध्या जाळीसाठी ७,२६० रु. व औषधयुक्त जाळीसाठी २९,६०० रु. ठरविली. तत्पूर्वी महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. शेजारच्या परभणी जिल्ह्यास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर विस्तार झाल्यावर मिळाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. हा उपचार तीत समाविष्ट आहे. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील रुग्णास पुनःसंकोचनामुळे दुसऱ्यांदा उपचार, प्रवास व बुडालेली मजुरी सोसावी लागते. म्हणून उपचारानंतर छातीत पुन्हा वेदना झाल्यास विनाविलंब तपासणी करून घेणे आणि वैद्यांच्या सल्ल्यावाचून औषधे बंद न करणे हितावह असते.