शेतकऱ्याचं घड्याळ कोण फिरवतं?

आयटीत काम करणाऱ्यांना वर्षातून दोनदा एक गंमत अनुभवायला मिळते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतले लोक आपली घड्याळं एक तास पुढे करतात आणि इकडे नागपुरात आमची संध्याकाळी साडेसातची मीटिंग एकदम साडेसहावर येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती परत साडेसातला जाते. आपण काहीच केलेलं नसतं, सूर्यही आपल्या जागी असतो, पण जेवणाची वेळ बदलते. ह्यालाच ते लोक 'डेलाईट सेव्हिंग टाईम' म्हणतात, म्हणजे उजेडाची बचत.

ऑफिसात ह्यावर चर्चा निघाली की कुणीतरी हमखास सांगतं, "अरे, ते शेतकऱ्यांसाठी असतं." मलाही बरेच दिवस हेच ऐकायला मिळालं होतं. मग एका वीकेंडला जरा खोलात शिरलो, आणि गोष्ट बरोबर उलटी निघाली!

जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी पहिल्यांदा देशभर घड्याळ पुढे केलं. कारण होतं पहिलं महायुद्ध आणि कोळशाची बचत. अमेरिकेने १९१८ मध्ये तेच केलं. त्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा केला तो शेतकऱ्यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. गवत कापून वाळवायचं तर त्यावरचं दव उडायला हवं, आणि दव घड्याळ बघून उडत नाही. मजूर मात्र घड्याळ बघून येतो आणि घड्याळ बघून जातो. म्हणजे सकाळी तासभर बसून मजुरी द्यायची, आणि संध्याकाळी काम ऐन रंगात आलं की माणसं घरी. गाईंचंही तसंच, दुधाची गाडी तासभर आधी सुटते म्हणून गाय तासभर आधी पान्हा सोडत नाही. शेवटी १९१९ मध्ये तिथल्या काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकार डावलून तो कायदा रद्द केला. शहरवाल्यांनी मग दुसऱ्या महायुद्धात तो परत आणला, पण ती वेगळी कथा.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे असलं काही नसतं असं आपण समजतो. पण संगणकांमध्ये जगभरच्या वेळांची एक फाईल असते, टाईम झोन डेटाबेस म्हणतात तिला. फोनपासून सर्व्हरपर्यंत सगळे तिच्यावरच चालतात. त्यात 'एशिया/कोलकाता' ही आपली नोंद उघडून पाहिली, तर तिथे सरळ साडेपाच तास असं एकच उत्तर नाही. १९०६ च्या आधी वेगळा आकडा आहे, आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ ह्या काळात भारताचं घड्याळ साडेसहा तासांवर आहे. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ अख्खा देश एक तास पुढे होता. उन्हाळा-हिवाळा असा भेदही नाही, बारा महिने पुढेच!

ही नोंद आमच्या क्षेत्राबाहेर नेमकी कुणाला माहीत असते सांगू? ज्योतिष्यांना. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना जन्मवेळेतून एक तास वजा करावा लागतो, नाहीतर लग्नरास चुकते. आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'लढाईचा टाईम' असा शब्द यायचा. काटोलकडच्या खेड्यात शाळेची घंटा नव्या टाईमाने व्हायची आणि घरातली न्याहारी जुन्या टाईमाने, म्हणजे रोजची धावपळ. हिशेब करून पाहिला तर डिसेंबरात नागपूरकडे सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, म्हणजे लढाईच्या टाईमाने पावणेआठला. थंडीत अंधारातच पोरांना शाळेत पिटाळायचं काम आयांकडे आलं असणार. शेतात मात्र काही बदललं नाही. बैल जुन्या टाईमाचेच होते.

पण घड्याळ खेड्यात आलं ते काही १९४२ मध्ये नाही. त्याआधी वेळ मोजायची पद्धत आपली आपली होती आणि चांगली भक्कम होती. चोवीस मिनिटांची एक घटिका, साठ घटिकांचा दिवस, आणि दिवसाची सुरुवात सूर्योदयापासून. पंचांग त्यावर चालायचं. शेतकरी तर त्याहूनही सोपं बोलायचा : झुंजूमुंजू झालं, दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली. कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य क्षितिजापासून किती वर आला हे त्याच्याकडच्या वस्तूनेच मोजलेलं. रात्री तिकांडं कुठे आलं, शुक्राची चांदणी उगवली का, ह्यावर उठायची वेळ ठरायची. गंमत म्हणजे ह्या पद्धतीत डेलाईट सेव्हिंग आपोआपच होतं. दिवस लांबला की काम लवकर सुरू, दिवस आखडला की उशिरा. कायदा करायची गरजच नाही.

मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईला न्यायचा होता. गाडी काही कासराभर दिवस वर आल्यावर सुटत नाही, तिला मिनिटं लागतात. त्या काळात प्रत्येक शहराची वेळ वेगळी होती. मुंबई ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कलकत्ता ५ तास ५३ मिनिटं पुढे. भारतभरच्या रेल्वेने मधली म्हणून मद्रासची वेळ धरली, ५ तास २१ मिनिटं. नागपूरची स्वतःची सूर्यवेळ निघते साधारण ५ तास १६ मिनिटं. म्हणजे स्टेशनचं घड्याळ आणि नागपूरचा सूर्य ह्यांच्यात फक्त पाचेक मिनिटांचा फरक! आपल्याला त्याचं काही वाटायचं कारणच नव्हतं.

नंतर १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. भोंगा आला. तरी विजेचे दिवे येईपर्यंत आपल्या देशातल्या गिरण्या मोठ्या प्रमाणात उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांब आणि हिवाळ्यात छोटा. दिवे आले तसा भोंगा सूर्यापासून सुटला. शेतातून गिरणीत आलेल्या माणसाचा सूर्य तिथेच कुठेतरी हरवला म्हणायचा.

मग १ जानेवारी १९०६ ला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरची वेळ सगळ्या देशाची वेळ ठरली. नागपूरकरांना सूर्यापेक्षा साधारण १४ मिनिटं पुढे जावं लागलं. मुंबईकरांना मात्र ३९ मिनिटं! मुंबईत ह्यावरून रण पेटलं. तिथे १८८१ मध्येही सरकारने मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला होता आणि दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला होता. १९०६ च्या जानेवारीत जेकब ससून गिरणीतले कामगार नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. वरवर पाहिलं तर हट्टीपणा वाटतो. पण विचार करा, भोंगा तोच, घड्याळातला आकडा तोच, आणि प्रत्यक्षात झोपेतली ३९ मिनिटं गेली. मुंबई महापालिका तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'बॉम्बे टाईम' धरून बसली होती.

ह्या सगळ्यात खेड्यांनी कुठे मोर्चा काढल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि ते साहजिकच आहे. शेतकऱ्याला घड्याळ सरळ भेटतच नाही. ते भेटतं ते शाळेच्या घंटेतून, एसटीच्या टाईमटेबलातून, बँकेच्या शटरमधून, कळमन्याच्या लिलावातून. शेताचं काम त्याचं तो ठरवतो. हरभरा पहाटे दव असताना उपटायचा, म्हणजे घाटे गळत नाहीत. सोयाबीनची मळणी ऊन तापल्यावर करायची, म्हणजे शेंगा नीट फुटतात. इथे आयएसटी काही बोलत नाही.

आणि आपल्याला उजेडाच्या बचतीची गरजही तशी कमीच. लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही कमी. नागपूरला जूनमध्ये तेरा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास, डिसेंबरात दहा तास पन्नास मिनिटं. फरक अडीच तासांचा. आपला प्रश्न उजेडाचा नाहीच, उन्हाचा आहे. त्यावर विदर्भाने घड्याळाला हात न लावता आपला उपाय काढलाय : मार्च-एप्रिलात शाळा सकाळच्या, आणि जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर सुरू. शेतातलं कामही पहाटे उरकायचं आणि दुपारी झाडाखाली. काटा जिथल्या तिथे, माणसं सरकतात. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

इथे लेख संपवता आला असता. पण राजेहो, खरा मुद्दा तर पुढेच आहे.

शेतकऱ्याचं घड्याळ फिरवणारी एक गोष्ट आहे, आणि ती तासभर नाही, चक्क बारा तास फिरवते. ती म्हणजे लाईन. शेतीपंपाला लागते थ्री फेज वीज. महाराष्ट्रात ती वर्षानुवर्षं पाळीपाळीने मिळत आली आहे : काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री दहा तास. रात्रीचे दोन तास जास्त, जणू बोनस! ह्यामागे गणित आहे. सकाळी आणि संध्याकाळी शहरं, कारखाने भरपूर वीज ओढतात. रात्री मागणी पडते, पण कोळशावरचे संच बटण दाबून बंद-चालू करता येत नाहीत. मग उरलेली वीज कुणाला द्यायची? शेतीला. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही मोठी औष्णिक केंद्रं आपल्या विदर्भातली. धूरही इथला, राखही इथलीच, आणि रात्री ओलीत करणारा शेतकरीही इथलाच.

माझ्या आत्तेभावाची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि मग जानेवारीत पाणी सुरू करतात. ते वेळेवर मिळालं तर फूल येतं. नेमकी त्या आठवड्यात रात्रपाळी आली की हा बाप्पा कानटोपी घालून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन रात्री बागेत. पंपाला ऑटो स्विच असतो, लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, पण एका ओळीतलं पाणी दुसऱ्या ओळीत वळवायला माणूसच लागतो. पायाखाली साप, कडेला रानडुक्कर, काही भागांत बिबट्या किंवा वाघ. मध्येच लाईन गेली की बांधावर शेकोटी करून वाट बघायची. सकाळी झोपावं तर जनावरं आहेत, मजूर आहेत.

मी पण रात्री काम करतो. त्यासाठी मला शिफ्ट अलाउन्स मिळतो, घरी सोडायला गाडी मिळते, आणि अमेरिकेचं घड्याळ बदलणार असलं की दोन आठवडे आधी मेल येतो. त्याला ह्यातलं काय मिळतं? दोन तास जास्त लाईन.

आता मात्र चक्र उलटं फिरायला लागलंय. सौर ऊर्जेमुळे स्वस्त वीज रात्री नाही, दुपारी तयार होते. राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या जागेवर सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथल्या कृषी फिडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही कल्पना. जिथे हे नीट झालं तिथे शेतकऱ्याला एका फटक्यात त्याचा दिवस परत मिळतो. अर्थात अडचणी आहेत. ढगाळ हवा आहे, हिवाळ्यातला छोटा दिवस आहे, आणि वरूड-नरखेड पट्ट्यात भूजल आधीच फार खोल गेलंय. मोटर दिवसा चालली म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही. तरीपण रात्रीचं ओलीत सुटणं ही लहान गोष्ट नाही.

मधूनमधून भारताचं घड्याळ अर्धा तास पुढे करा, किंवा देशात दोन टाईम झोन करा अशा सूचना येत असतात. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळ्या वेळेचा प्रस्ताव मांडला होता. ईशान्येची अडचण खरी आहे, आसामच्या चहामळ्यांत आजही तासभर पुढचा 'बागान टाईम' चालतो. पण अशा चर्चेत हिशेब नेहमी एकच असतो : वीज किती वाचेल? त्या विजेसाठी रात्री जागतं कोण, ह्याचा रकाना कुठेच नसतो.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्याने एका तासासाठी कायदा रद्द करायला लावला. मुंबईच्या गिरणी कामगाराने ३९ मिनिटांसाठी काम थांबवलं. आपला शेतकरी आठवड्याआड बारा तासांनी फिरवला जातो, आणि आपण त्याला टाईम चेंज म्हणतसुद्धा नाही, लोडशेडिंगचं वेळापत्रक म्हणतो. असो.

तुमच्या गावाकडे लाईन दिवसा आली का हो? आणि घरी कुणी म्हातारं माणूस 'लढाईचा टाईम' आठवणारं असेल तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा. ती पिढी आता फार उरलेली नाही.