जहालांची वाणी आणि सरकारी दुभाषे

‘जहाल’ हे विशेषण आपल्या वऱ्हाडात तिखटालाही लागते आणि विषालाही. ते राजकारणात येऊन स्थिरावले तेव्हा ‘मवाळ’ हे त्याचे जोडनाव बनले, आणि अमरावतीचे वैशिष्ट्य असे की तिथल्या वकीलमंडळीत हे दोन्ही पंथ एकत्र नांदले. एका बाजूला टिळकांचे परमस्नेही दादासाहेब खापर्डे, दुसऱ्या बाजूला मोरोपंत जोशी आणि १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे रघुनाथराव मुधोळकर.

पुढाऱ्यांच्या वक्तृत्वाची चिकित्सा आज विद्यापीठांतून होते. परंतु जहालांच्या वाणीचे पहिले चिकाटीचे अभ्यासक प्राध्यापक नव्हते, तर सरकारचे लघुलेखक, दुभाषे आणि फिर्यादी वकील होते. १८९७ च्या सप्टेंबरात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली तीच मुळी शब्दार्थाच्या किसातून. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा करून टाकला. मग राजावर प्रेम न करणे हाच गुन्हा! त्याच डिसेंबरात अमरावतीस काँग्रेस भरली. शंकरन् नायर अध्यक्ष, खापर्डे स्वागताध्यक्ष, आणि टिळक तुरुंगात. वऱ्हाडचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, अंमल इंग्रजांचा. अशा दुहेरी धन्यांच्या प्रजेस शब्द जपून वापरण्याची सवय असणारच.

सुरतेस काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फाटाफूट होऊन महिनाही उलटला असेल-नसेल, तोच २९ जानेवारी १९०८ रोजी अमरावतीच्या राष्ट्रीय शाळेच्या पटांगणात अरविंद घोष ‘वंदे मातरम्’वर बोलले. ते इंग्रजीत बोलले. त्यामुळे दुभाष्याला तिथे काम नव्हते. खरी पंचाईत मराठीची होती. त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सुमारे एकवीस तास ज्यूरीपुढे भाषण केले, आणि त्यातला बराच वेळ सरकारी भाषांतराची लक्तरे काढण्यात गेला: इंग्रजी राजनीतीतील संज्ञांना मराठीत प्रतिशब्द अजून घडत आहेत, अशा घडत्या भाषेला उलटून इंग्रजीत नेताना तिचा कल कुठे आणि कसा फिरवला जातो, हे त्यांनी शब्दागणिक दाखविले. सहा वर्षांची सजा टळली नाही, तरी शब्दविचाराचा तो एक उत्तम पाठ होता. खापर्डे त्यानंतर अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेस गेले.

१९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील टिळकांच्या मराठी व्याख्यानांची टिपणे पोलिसांनी घेतली, त्यांचे भाषांतर मॅजिस्ट्रेटपुढे गेले, आणि वीस हजारांचा मुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. नोव्हेंबरात हायकोर्टाने हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती बॅचलर यांनी सुटी वाक्ये न वेचता भाषणांचा एकंदर परिणाम पाहिला. टिळकांच्या होमरूल लीगच्या कक्षेत वऱ्हाड होतेच. पुढल्या जानेवारीत टिळक अकोल्यास स्वराज्यावर बोलले, आणि आता शब्दांमागे हायकोर्टाचा निवाडा उभा होता.

या सर्व दफ्तरात एक गोष्ट मात्र सापडत नाही, ती म्हणजे उपहास. खापर्ड्यांची ख्याती विनोदाची. आणि ‘सरकार मायबाप’ हे दोन शब्द भक्तिभावाने उच्चारले की डोळे मिचकावून, हे लघुलिपीच्या कोणत्या रेघेने लिहावे? स्वतः दादासाहेबांनी वर्षानुवर्षे दैनंदिनी ठेवली, तीही इंग्रजीत.