गिरकीचे ज्ञान : हलक्या विमानांवरील नियंत्रण सुटण्याचा आणि त्याविषयीच्या शिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

विमान अपघात म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या मनात प्रथम यंत्रबिघाड येतो. इंजिन बंद पडले असेल, पंख मोडला असेल, वादळात विमान सापडले असेल, अशीच कारणे गृहीत धरली जातात. परंतु दोन ते चार आसनांच्या, एका इंजिनाच्या हलक्या विमानांचा इतिहास पाहिला तर वेगळे चित्र दिसते. इंजिन चालू आहे, पंख शाबूत आहेत, आकाश निरभ्र आहे आणि तरीही विमान वैमानिकाच्या हातून निसटून जमिनीवर कोसळते, असे अपघात त्यात मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०११ या काळात तेथील खाजगी व तत्सम वापरातील स्थिर पंखांच्या विमानांना झालेल्या प्राणघातक अपघातांपैकी ४० टक्क्यांहून अधिक अपघात नियंत्रण सुटल्यामुळे झाले. २०१५ मध्ये या मंडळाने हा विषय आपल्या अग्रक्रमाच्या सुधारणांच्या यादीत घातला.

या अपघातांमागील भौतिक कारण पहिल्या महायुद्धाच्या काळातच कळले होते. त्यावरचा उपायही तेव्हाच सापडला होता आणि तो शिकविण्याची पद्धतही सिद्ध झाली होती. असे असताना १९४९ मध्ये अमेरिकेने ते शिक्षण सामान्य वैमानिकाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले. मिळविलेले ज्ञान अभ्यासक्रमातून का वगळले जाते, हा प्रश्न केवळ विमानविद्येपुरता मर्यादित नाही. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा मागोवा घेतला आहे.

पंखाची उचल आणि तिचा अंत

विमानाला वर धरून ठेवणारी उचल ही पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यातील कोनावर अवलंबून असते. हा कोन वाढविला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. सामान्य पंखाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १५ अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटी होते आणि उचल एकाएकी ढासळते. या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी तिचा काहीही संबंध नाही. एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्यामुळे वृत्तपत्रांतून या बाबतीत आजही घोटाळा होत असतो.

दोन्ही पंखांचा स्टॉल एकदम झाला तर विमानाचे नाक खाली जाते आणि वेग मिळाला की ते सावरते. एका पंखाचा स्टॉल अधिक खोल झाला तर मात्र तो पंख खाली जातो. खाली जाताना त्याचा वाऱ्याशी होणारा कोन आणखी वाढतो, त्यामुळे त्याची उचल आणखी घटते आणि तो आणखी खाली जातो. या दुष्टचक्रातून स्पिन, म्हणजे गिरकी, निर्माण होते. विमान नाक खाली करून स्वतःभोवती फिरत, मळसूत्राच्या मार्गाने खाली येऊ लागते. नाक खाली गेलेले पाहून वैमानिकाचा हात नियंत्रणदांडी मागे ओढतो. त्यामुळे कोन वाढलेलाच राहतो आणि गिरकी टिकून राहते. जीव वाचविण्याची सहजप्रेरणाच येथे घातक ठरते, आणि या विषयाच्या शिक्षणाची सारी अडचण याच एका गोष्टीत आहे.

वळणात ही मर्यादा अधिक लवकर गाठली जाते. सरळ उड्डाणात ज्या विमानाचा स्टॉल ५० नॉट वेगाला होतो, त्याचा ४५ अंश कलून उंची राखत घेतलेल्या वळणात सुमारे ६० नॉटला आणि ६० अंश कललेल्या वळणात जवळजवळ ७१ नॉटला होतो. धावपट्टीवर उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण एवढे अपघात का घडविते, याचे स्पष्टीकरण या साध्या गणितात आहे.

लिलिएंथाल ते पार्क

जर्मन अभियंता ओटो लिलिएंथाल यांनी ग्लायडरच्या साहाय्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टॉल्न गावाजवळील टेकडीवरून उडत असता त्यांच्या ग्लायडरचा स्टॉल झाला. सुमारे १५ मीटर उंचीवरून ते खाली पडले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. राइट बंधूंनी या मृत्यूचा गंभीरपणे विचार केला. आपल्या यंत्रात त्यांनी नाक वरखाली करणारा पृष्ठभाग पंखांच्या पुढे बसविला, त्यामागे नाक खाली कोसळण्याचे भय हे एक कारण होते. १९०२ च्या किटी हॉक येथील प्रयोगांत त्यांचे ग्लायडर वळताना मधूनमधून एका अंगावर घसरे, एक पंख वाळूत रुते आणि यंत्र त्याभोवती गरकन फिरे. बंधूंनी या प्रकाराला ‘विहीर खणणे’ असे नाव दिले होते. शेपटीचे स्थिर सुकाणू हलते केल्यावर हा त्रास आटोक्यात आला. गिरकीच्या इतिहासातील ही पहिली तांत्रिक दुरुस्ती होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतरच्या दहा वर्षांत विमाने पुष्कळ झाली आणि गिरकीने मरणारेही पुष्कळ झाले. गिरकीत सापडलेला माणूस वाचत नसे, त्यामुळे आत काय घडले हे सांगणारा कोणी उरत नसे. या दृष्टीने २५ ऑगस्ट १९१२ ही तारीख महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील सॅलिसबरी मैदानावर लारखिल येथे लष्करी विमानांची स्पर्धा चालू होती. ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हे बंद केबिनचे अॅव्हरो विमान घेऊन तीन तासांची चाचणी पूर्ण करून परतत होते. त्यांच्याबरोबर एक निरीक्षक होते. खाली उतरण्यासाठी त्यांनी सर्पिल वळण घेतले आणि सुमारे ६०० ते ७०० फुटांवर विमान गिरकीत गेले. पार्क यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे सर्व उपाय केले. इंजिनाची गती वाढविली, दांडी पूर्ण मागे ओढली, सुकाणू वळणाच्याच दिशेला दाबले. कशाचाही उपयोग झाला नाही. फिरण्याच्या जोराने ते बाहेरच्या बाजूला फेकले जात होते, म्हणून एक हात सोडून त्यांना केबिनच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. जमीन सुमारे ५० फुटांवर आली असता त्यांनी अखेरचा प्रयत्न म्हणून सुकाणू पूर्णपणे उलट्या दिशेला दाबले. फिरणे तत्काळ थांबले, विमान सरळ झाले आणि पार्क सुखरूप उतरले.

जमिनीवरून हा प्रकार अनेक जाणकारांनी पाहिला होता. पार्क यांनी आपण काय केले ते क्रमवार सांगितले आणि ते ‘फ्लाइट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ‘पार्कची झेप’ या नावाने ती घटना पुढे ओळखली गेली. ज्या गोष्टीने जीव वाचला ती शास्त्राने नव्हे तर नाइलाजाने सापडली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. शिवाय ती अर्धीच होती, कारण दांडी पुढे ढकलून पंखाचा कोन कमी करण्याचे सूत्र अजून हाती आले नव्हते. स्वतः पार्क त्याच वर्षी १५ डिसेंबरला वेम्ब्लीजवळ दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात मृत्युमुखी पडले.

फार्नबरो आणि गॉस्पोर्ट

जून १९१४ मध्ये हॅरी हॉकर हे ब्रुकलँड्स येथे गिरकीतून झाडांवर कोसळले आणि आश्चर्यकारकरीत्या वाचले. त्यानंतर त्यांनी मुद्दाम गिरकी घेऊन ती सोडविण्याचा प्रयत्न केला. १९१६ मध्ये फार्नबरो येथील चाचणी वैमानिक फ्रँक गुडन यांनी एफ. ई. ८ या विमानावर गिरकीची पद्धतशीर प्रात्यक्षिके केली. तेव्हा १९१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमान यांनी प्रथमच गिरकी सोडवून दाखविली, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. लिंडेमान पुढे चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि मोठ्या पदाच्या माणसाभोवती कथा जमतातच.

तरीही लिंडेमान यांचे कार्य लहान ठरत नाही. उड्डाणाचे शिक्षण घेऊन ते स्वतः विमानात बसले, मुद्दाम गिरकीत गेले आणि फिरत असताना उपकरणांवरील आकडे मनात साठवून नंतर ते नोंदविले. विमानाचा वेग गिरकीत वाढत जात नाही, तो कमी आणि जवळपास स्थिर राहतो. यावरून गिरकी हा सूर नसून टिकून राहिलेला स्टॉल आहे, ही गोष्ट मापांनी सिद्ध झाली. इतर वैमानिकांनी गिरकीतून सुटका करून घेतली होती. सुटका का होते, हे लिंडेमान यांच्या नोंदींमुळे सांगता येऊ लागले.

हे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांचे आहे. १९१४ मध्ये विमान अपघातात त्यांचे पाय मोडले होते. १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे त्यांनी जी शाळा चालविली, तिची पद्धत त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होती. शिक्षक व विद्यार्थी दोघांपुढे नियंत्रणे असलेले अॅव्हरो ५०४ विमान, दोघांना बोलता यावे म्हणून रबरी नळी, आणि ज्या अवस्थांची विद्यार्थ्याला भीती वाटते त्या अवस्थांत त्याला मुद्दाम नेणे, ही तिची अंगे होती. धोकादायक प्रसंग टाळण्यास न सांगता त्यातून बाहेर कसे यावे हे शिकविणे, हे तिचे सूत्र होते. पुढे अनेक देशांच्या हवाई दलांनी ही पद्धत स्वीकारली.

गिरकी न घेणारे विमान

दोन महायुद्धांच्या दरम्यान दुसरा विचारप्रवाह पुढे आला. माणसाला शिकविण्यापेक्षा यंत्रच असे करावे की त्याला गिरकी घेताच येऊ नये, असा हा विचार होता. अमेरिकेतील फ्रेड वाईक यांनी रचलेले एर्कूप हे विमान त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात सुकाणूसाठी पायपट्ट्या नव्हत्या, सुकाणू व एलेरॉन एकमेकांना जोडलेले होते आणि एलेव्हेटरची हालचाल इतकी मर्यादित होती की पंखाचा कोन धोक्याच्या पलीकडे जाणेच कठीण होते. १९४० मध्ये त्याला स्वभावतःच गिरकी न घेणारे विमान म्हणून प्रमाणपत्र मिळाले. मात्र वेग फार कमी झाला तर हे विमानही वेगाने खाली बसत असे.

याच काळात फ्रान्समधील आंरी मिन्ये यांच्या ‘पू-दु-सिएल’ या घरी बांधता येणाऱ्या विमानाने नेमका उलटा धडा दिला. मिन्ये यांचाही उद्देश स्टॉल व गिरकी यांपासून मुक्त विमान देण्याचाच होता. परंतु त्याच्या दोन पंखांच्या रचनेमुळे सुरात गेलेले विमान वर काढता येत नसे, हे १९३६ मध्ये वातविवरातील चाचण्यांनी दाखवून दिले. तोपर्यंत अनेक हौशी वैमानिकांचे प्राण गेले होते.

१९४९ चा निर्णय

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खाजगी उड्डाणाची लाट आली. १९४९ मध्ये तेथील नागरी विमानवाहतूक प्रशासनाने खाजगी व व्यावसायिक परवान्यांसाठी गिरकीचे प्रात्यक्षिक आवश्यक असल्याची अट काढली. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ती राहिली. गिरकी सोडविण्यापेक्षा स्टॉल ओळखून टाळण्यावर भर द्यावा आणि निर्मात्यांनी गिरकीला विरोध करणारी विमाने करावीत, ही भूमिका यामागे होती. हा निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. हलक्या विमानांच्या गिरकीचे बहुतांश प्राणघातक अपघात १,००० फुटांच्या खाली सुरू होतात. तेथे गिरकी सोडविण्याचे कौशल्य असूनही उंची पुरत नाही. उलट, सरावासाठी मुद्दाम घेतलेल्या गिरक्यांतही माणसे मरत होती.

त्यानंतरच्या दशकांत गिरकीच्या अपघातांचे प्रमाण कमी झाले आणि त्याचे श्रेय या निर्णयाला दिले जाते. परंतु त्याच काळात स्टॉलची पूर्वसूचना देणारी उपकरणे आली आणि विमानांचे स्वरूपही सौम्य झाले. त्यामुळे एका कारणाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा काढणे कठीण आहे. वोल्फगांग लांगेविशे यांनी १९४४ च्या ‘स्टिक अँड रडर’ या पुस्तकात मांडलेला मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. दांडी मागे ओढणे म्हणजे वर जाणे, असे विद्यार्थी समजतो. वस्तुतः ती पंखाचा कोन ठरविते. हे हाताला उमगले नाही तर तोंडपाठ केलेले नियम संकटात उपयोगी पडत नाहीत.

ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसेनासे झाल्याने नियंत्रण सुटते तो प्रकार वेगळा आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग केला. त्या सर्वांचे नियंत्रण सुटले आणि त्यास सरासरी १७८ सेकंद लागले.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाचा शास्त्रीय धागा थेट उगमाशी जुळतो. पंखावरून हवा का सुटी होते, याची उपपत्ती लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. कोल्हापूरजवळच्या हसूर येथे जन्मलेले डॉ. वि. मा. घाटगे यांनी ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतीय रचनेच्या पहिल्या विमानांपैकी एक हे शिकाऊंसाठीचे होते, ही बाब लक्षणीय आहे. प्रशिक्षण विमानाकडून दुहेरी अपेक्षा असते. ते सहजासहजी गिरकीत जाऊ नये, पण शिकविण्यासाठी नेले तर जावे आणि सांगितल्यावर बाहेरही यावे. ही अपेक्षा किती अवघड आहे, हे पुढे एचजेटी-३६ या जेट प्रशिक्षण विमानाने दाखविले. ७ मार्च २००३ रोजी ते प्रथम उडाले. परंतु स्टॉल व गिरकीतील दोषांमुळे प्रकल्प अनेक वर्षे रखडला. शेपटीकडील भागाची पुनर्रचना झाल्यावर २०१९ मध्ये त्याची उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना सहा फेऱ्यांची गिरकी घेऊन सुटण्याची चाचणी २०२२ च्या प्रारंभी यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले.

अभ्यासक्रमाच्या प्रश्नाला अलीकडे पुन्हा तोंड फुटले ते मोठ्या विमानांमुळे. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचा स्टॉल झाला असता वैमानिकाने नियंत्रण बराच काळ मागे ओढून धरले होते. १९१२ मध्ये पार्क यांनी प्रथम केले होते तेच. अशा अपघातांच्या अभ्यासातून युरोपीय नियामकाने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिकांसाठी असामान्य अवस्थेतून विमान सावरण्याचे किमान तीन तासांचे प्रत्यक्ष उड्डाण-प्रशिक्षण सक्तीचे केले. केवळ हौसेखातर हलके विमान उडविणाऱ्या खाजगी वैमानिकाला ही सक्ती लागू नाही.