गोठवलेला मासा घरी शिजवताना

जळगाव-धुळ्याकडे समुद्राचा मासा बर्फात किंवा गोठवूनच येतो. त्यात गैर काही नाही. तो बिघडतो घरी वितळवताना. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर असताना पाकीट ओट्यावर ठेवू नका. आदल्या रात्री ताटलीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शिजवाच. तुकडे टिपून कोरडे करा, नाहीतर तव्यावर पाणी सुटते. हळद, लिंबू, लसूण आणि थोडा खानदेशी काळा मसाला पुरे. रक्तदाब असेल तर मीठ निम्मे घाला. विकतच्या मसाल्यातही मीठ असू शकते. थोड्या तेलात, मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजा. मधला भाग पांढरा होऊन पापुद्रे सहज सुटले की मासा शिजला. रात्रभर लाइट जाऊन कोमट झालेला मासा मात्र टाकूनच द्या, वास येत नसला तरी.