अट

७ डिसेंबर १६१८. हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्ट गावात तुम्ही उभे आहात आणि थंडीनं कान बधिर झालेत. सध्या आभाळात शेपटीचा तारा दिसतोय, आणि तो कशाची खूण म्हणायची यावर लोकांची कुजबुज चालू आहे. धूमकेतू पाहून धास्तावणं ही काही आपलीच मक्तेदारी नव्हे.

तुम्हाला जायचंय क्लोव्हेनियर्सडूलेनमध्ये. एरवी ही बंदूकधारी नगररक्षकांची वास्तू. १३ नोव्हेंबरपासून तिथे धर्मसभा भरली आहे. आत शिरलात की आधी शेकोटीच्या बाजूला सरका. मग बाकांवर नजर फिरवा: इंग्लंड, हायडेलबर्ग, जिनिव्हा, झुरिक, ब्रेमेन. एक बाक रिकामा आहे, फ्रेंचांचा. त्यांच्या राजानं त्यांना येऊ दिलं नाही, तरी जागा राखली आहे. न आलेल्या पाहुण्याचं पान वाढून ठेवावं तशी. अध्यक्षस्थानी लेउवार्डेनचे पाळक बोगरमन, छातीवर रुळणारी दाढी. आणि मधोमध एका मेजाभोवती बसलेत ते आरोपी. त्यांना कोणी आरोपी म्हणत नाही, पण बसवण्याची तऱ्हाच बोलते.

त्यांच्यातला एक उभा राहतो. लायडेनचा प्राध्यापक सिमोन एपिस्कोपियस, वय जेमतेम पस्तीस. भाषण लॅटिनमध्ये आहे. काळ ओलांडून आलात, तेव्हा लॅटिन कळतं असंही धरून चाला.

भांडण त्याच्या गुरूपासूनचं. याकोबस आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देवाची प्रीती सगळ्या जगावर आहे, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, आणि जो विश्वास ठेवील त्याला तारण मिळेल. समोरच्या बाकांना यातला शेवटचा तुकडा खुपतो. ‘जो विश्वास ठेवील’ म्हणजे देवाच्या निवडीला माणसाची अट घातली! ते म्हणतात, जग घडवण्याआधीच देवानं आपली माणसं निवडली, आणि निवडताना त्यांच्यात काहीही पाहिलं नाही. पुण्य नाही, स्वभाव नाही, पुढे ते ठेवणार असलेला विश्वाससुद्धा नाही. ‘अट’ हा एवढासा शब्द घेऊन ही मंडळी अख्खा हिवाळा काढणार आहेत.

देवाच्या कृपेवरचा दक्षिणेतल्या वैष्णवांचा वाद तुम्हाला आठवतो का? माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबकळतं. आई त्याला मानगुटीला धरून नेते. एपिस्कोपियस माकडाच्या बाजूचा म्हणा, बोगरमन मांजराच्या. उपमा फार ताणू नका. मांजरी कुठली पिल्लं उचलते आणि कुठली नाही, हा प्रश्न तिथे असा टोकाला जात नाही. इथे तोच प्रश्न आहे.

कारण आपल्या आजच्या कानांना ‘विनाअट प्रेम’ म्हटलं की वाटतं, बोगरमनचा पक्ष उदार असणार. जरा थांबा आणि विचारा: विनाअट, पण कोणावर? निवडलेल्यांवर. बाकीचे? त्यांना देव त्यांच्या पापातच राहू देतो. मग एपिस्कोपियसला विचारा: प्रीती कोणावर? सगळ्यांवर. विनाअट? तिथे तो अडखळतो. विश्वास तर ठेवायला हवा ना. एकानं अट काढली आणि वर्तुळ लहान झालं. दुसऱ्यानं वर्तुळ मोठं केलं आणि अट दारातून आत आली. दोन्ही एकदम देणारं मला तरी त्या दालनात कोणी दिसत नाही. इंग्लिश बाकावरचे डॅव्हनंट जवळ येतात. ख्रिस्ताचं मरण सगळ्यांसाठी, असं ते नेटानं मांडतात. पण त्याचा लाभ प्रत्यक्ष कोणाला, इथे तेही निवडलेल्यांकडेच वळतात.

श्रोत्यांत एक इंग्रज पाहा. हेगमधल्या इंग्लिश वकिलाचा धर्मगुरू, जॉन हेल्स. तो इथला वृत्तांत पत्रांतून धन्याला कळवतोय. एपिस्कोपियसनं योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन, देवाच्या जगावरच्या प्रीतीचं, असं काही लावून धरलं की आपण तिथेच, बोगरमनचा पक्ष ज्याची शिकवण मानतो त्या कॅल्विनचा, निरोप घेतला, असं हेल्स पुढे म्हणाल्याचं त्याच्या मित्रानं लिहून ठेवलंय. ‘जग’ या शब्दाचा अर्थ अख्खं जग, की जगभरातले निवडलेले? एका माणसाचं मन त्या शब्दावर फिरलं.

आता १४ जानेवारी १६१९ ला या. कामकाजाची रीत कोणी ठरवायची यावरून महिनाभर ओढाताण झाली आहे. बोगरमनचा संयम सुटतो. खोटेपणाचा ठपका ठेवून तो एपिस्कोपियसच्या मंडळींना ओरडून बाहेर काढतो. देव निवाडा करील, असं सांगत एपिस्कोपियस निघतो. देवाच्या प्रीतीच्या चर्चेत इतका चढलेला आवाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही. उरलेल्यांतही शांतता आहे असं समजू नका. एके दिवशी ब्रेमेनचे मार्टिनियस शंका काढतात: ख्रिस्त हा देवाच्या निवडीचा पाया आहे, की ती निवड नुसती अमलात आणणारा? बोगरमनच्याच बाजूचे म्हातारे गोमारस ताडकन उठतात, हातमोजा फेकतात आणि द्वंद्वाची परवानगी मागतात!

या गदारोळात एक गोष्ट तुमच्या हातून निसटेल. तुम्ही पोचायच्या काही दिवस आधी ती उरकली होती. पूर्वेकडच्या बेटांवर डच व्यापाऱ्यांच्या घरांत तिथल्या बिगरख्रिस्ती आईबापांची लेकरं दास म्हणून राहतात. धन्यानं त्यांच्या शिक्षणाची हमी घेतली, तर त्यांना बाप्तिस्मा द्यायचा का? इंग्लिश मंडळींसह काहींचा कल होकाराकडे होता. बहुमत म्हणालं, नाही. आधी शिकू द्या, जाणते होऊ द्या, स्वतः विश्वास कबूल करू द्या.

६ मे. मोठ्या चर्चमध्ये निर्णय जाहीर वाचला जातोय, लॅटिनमध्येच. निवडीला विश्वास हे कारण नाही आणि अटही नाही, असं पहिल्याच प्रकरणात आलं. ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरेल एवढं मोलाचं. पण ते फळतं निवडलेल्यांनाच, हे दुसऱ्यात. आठवड्याभरानं, १३ मेला, हेगमध्ये एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टचं मुंडकं उडेल. आर्मिनियसच्या अनुयायांचा तो राजकीय पाठीराखा. दोनशेच्या आसपास पाळकांची पदं जातील. त्यात ओल्डनबार्नेव्हेल्टचा विरोधक राजपुत्र मॉरित्स याचं राजकारण किती आणि धर्म किती, ते सोडवत बसू नका.

तुम्ही मागच्या खांबाशी उभे आहात. शेजारी एक बाई आहे, तिला लॅटिन येत नाही. तिच्या नवऱ्याला थोडं येतं. तो कानाशी लागून सांगत असतो. पहिल्या प्रकरणाचं सतरावं कलम आल्यावर तो थबकतो, मग हळू सांगतो: भक्तिमान आईबापांचं मूल तान्हेपणी गेलं, तर त्याच्या निवडीबद्दल त्यांनी शंका धरू नये. त्या बाळानं काही शिकलेलं नसतं, काही कबूल केलेलं नसतं.

बाई पुन्हा सांगायला लावते. तो पुन्हा सांगतो. ती डोळे पुसते, आणि पहिला शब्द तिच्या कानात शिरतच नाही: भक्तिमान आईबापांचं.