गाठीवरचा शिक्का

वऱ्हाडातल्या कापूस बाजारांचा इतिहास चाळताना १९२५ सालचा एक कायदा माझ्या हाती आला. सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने यांच्यासाठी तो केलेला. त्यातले एक कलम साधे आहे: प्रेसमध्ये बांधलेल्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक असला पाहिजे. दूरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर ती कुठल्या प्रेसमधून आली हे कळावे, एवढाच त्यामागचा विचार.

हे कलम वाचताना मला २०१७ चा यवतमाळ जिल्हा आठवत राहिला. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करणारी माणसे शेतात पडू लागली, तेव्हा प्रश्न नेमका हाच होता. याच्या अंगात गेलेले औषध कुठल्या बाटलीतले? गाठीचा माग काढण्याची सोय आपण शंभर वर्षांपूर्वी केली. माणसाच्या बाबतीत ती का झाली नाही, याचा शोध म्हणजे हा लेख.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष इकडे वळले. भाव वाढले, तशी भेसळही वाढली. मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातील लबाडी रोखणारा कायदा झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. १९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद रेल्वे धावू लागली. आपण तिला ‘शकुंतला’ म्हणतो. ती कापसासाठीच टाकलेली होती.

या सगळ्यांत एक धागा आहे. वजन, प्रत, भेसळ, वाहतूक या प्रत्येक गोष्टीला नियम मिळाला. नियमाने राखण केली ती मालाची आणि माल घेणाऱ्याची. पऱ्हाटीत राबणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

कीटकनाशकांचा कायदा आला तोही एका दुर्घटनेनंतर. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे विष अन्नधान्यात मिसळून शंभरावर माणसे दगावली. न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. नोंदणी, परवाना, लेबल, तपासणी हे त्याचे चार खांब. त्याच्या सव्विसाव्या कलमानुसार राज्य सरकार विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करू शकते. सत्ताविसाव्यानुसार धोकादायक औषधाची विक्री साठ दिवसांपर्यंत थांबवू शकते. मात्र बाटली दुकानातून गेल्यावर ती कोण, कशी आणि कुठल्या हवेत वापरतो, याची खबर उत्पादक कंपनीने सतत घ्यावी, असे ठोस कर्तव्य त्यात दिसत नाही.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात हीच उणीव उघडी पडली. बोंडअळी आणि रसशोषक किडींचा जोर होता. पऱ्हाटी डोक्याच्या उंचीला गेलेली, हवा दमट, वारा पडलेला. पाठीवर पंप घेऊन मजूर त्या गर्दीत शिरायचा आणि तुषार थेट त्याच्या तोंडावर यायचे. दोन-तीन औषधे एकत्र कालवणे ही सर्रास रीत. आपल्या बोलीत विषाला ‘औषध’च म्हणतात, हेही विसरू नये. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. शेकड्यांनी रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. अनेकांची दृष्टी काही काळ गेली होती. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये पाच औषधांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली.

त्या पाचांत डायफेन्थियुरॉन होते. सिंजेंटा कंपनी ते ‘पोलो’ या नावाने विकत असे. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड यांनी त्याला आधीच आपल्या शेतातून हद्दपार केले होते. या विषावर खास उतारा नाही. पोलीस नोंदींच्या आधारे ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने ९६ विषबाधा आणि दोन मृत्यू या औषधाशी जोडून दाखवले. कंपनीने जबाबदारी नाकारली. आपल्याच औषधाने हे झाले याचा पुरावा नाही, असे तिचे म्हणणे. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी ओईसीडीच्या स्वित्झर्लंडमधील केंद्राकडे तक्रार केली; ती समझोत्याविना संपली. एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा यांनी बाझेलच्या दिवाणी न्यायालयाची वाट धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्विस नागरिकांनी कंपन्यांना परदेशातील हानीसाठीही जबाबदार धरण्याच्या प्रस्तावावर मतदान केले. ५०.७ टक्के लोक बाजूने होते, पण बहुसंख्य कॅन्टन विरोधात गेले आणि प्रस्ताव पडला.

जगात याच सुमारास नवे कायदे येत होते. ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेवर कामगार गेले ते २०१३ मध्ये. फ्रान्सने २०१७ च्या मार्चमध्ये कंपन्यांवर दक्षतेचे कर्तव्य घातले. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाचा निर्देश २०२४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली गेली. यवतमाळच्या नजरेने पाहिले, तर यात एक फट दिसते. जर्मन कायद्याचा आणि युरोपीय निर्देशाचा रोख मुख्यतः कंपनीकडे येणाऱ्या मालावर आहे. सदरा विकणाऱ्याने कापूस कुठून आला ते पाहावे, हे त्यांत बसते. विष विकणाऱ्याने ते शेवटी कोणाच्या पाठीवर जाते ते पाहावे, हे बसत नाही. यवतमाळचा मजूर मात्र एकाच वेळी दोन्ही टोकांना उभा आहे. त्याच्या हातचा कापूस बाहेर जातो आणि बाहेरचे विष त्याच्या हाती येते.

बाझेलपर्यंत फार थोडे पोचले, याचे कारण मला यातच दिसते. स्विस कायद्यात उत्पादनाच्या दोषाबद्दल दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि कुठले औषध होते हे सिद्ध करण्याचा भार पीडितावर पडतो. पावती असली तर शेतमालकाच्या नावाची. रिकामी बाटली बांधावर. मजुराकडे पुरावा म्हणून उरते ते त्याचे शरीर.

परदेशातला कायदा आपल्या हातात नाही. सव्विसावे कलम आहे. प्रत्येक बाटलीवर बॅच क्रमांक छापलेला असतोच. विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात आला की औषधाचे नाव आणि तो क्रमांक केसपेपरवर उतरवायचा, दुकानाचे नाव लिहायचे आणि ती नोंद कृषी खात्याकडे व कंपनीकडे पाठवायची, एवढी अधिसूचना मुंबईहून निघू शकते. पुढचा दावा बाझेलमध्ये चालो की यवतमाळात, त्याचा पहिला कागद तोच असेल.

कापसाच्या गाठीसाठी हे काम १९२५ मध्ये अवघड वाटले नव्हते.