लिपीआधीची भाषा : महाराष्ट्रातील कर्णबधिर बालकांच्या प्रारंभिक साक्षरतेचा इतिहास आणि पनवेल परिसर

कर्णबधिर बालक वाचू-लिहू लागण्यास विलंब का लागतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः शाळेत शोधले जाते. महाराष्ट्रातील या शिक्षणाचा इतिहास पाहता मात्र विलंबाचे मूळ शाळेपूर्वीच्या वर्षांत आढळते. पनवेलसारख्या मुंबईलगतच्या परंतु दीर्घकाळ मुंबईबाहेर राहिलेल्या गावाच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते.

भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत निघाली. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने 1880 च्या दशकाच्या मध्यास ती सुरू झाली. कलकत्त्याची शाळा त्यानंतर, 1893 मध्ये स्थापन झाली. त्याआधी 1880 मध्ये मिलान येथील परिषदेने खुणांऐवजी वाचिक पद्धतीचा पुरस्कार करणारा ठराव केला होता आणि त्याची छाया पुढे भारतीय शाळांवरही पडली. मुलाने प्रथम ओठ वाचावेत, उच्चार शिकावेत आणि मग अक्षरे गिरवावीत, असा क्रम रूढ झाला. त्या काळी अशा मुलांना सर्रास ‘मुके’ म्हटले जाई. ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, हा कार्यकारणभावच त्या शब्दाने झाकला; ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ होईपर्यंत बराच काळ जावा लागला.

वाचिक पद्धतीला मराठी वर्णमाला वरवर पाहता अनुकूल वाटते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी तिची मांडणी उच्चारस्थानांनुसारच आहे. परंतु ही व्यवस्था बोलणाऱ्याच्या मुखातील आहे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची नव्हे. कवर्ग घशात घडतो, तो दिसत नाही. पवर्ग दिसतो, पण प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. ‘बाबा’ आणि ‘मामा’ यांत केवळ ओठ पाहून भेद करता येत नाही. ‘काका’ तर जवळजवळ अदृश्यच. याहून कठीण बाब विभक्तिप्रत्ययांची आहे. ने, ला, त हे प्रत्यय बोलण्यात आघाताविना निसटून जातात आणि मूळ शब्दाचे सामान्यरूप करतात. ‘पाणी’ हा शब्द चित्राखाली पाहून पाठ केलेल्या मुलासमोर ‘पाण्यात’ आला की तो त्याला नवाच शब्द वाटतो. ‘मी शाळा जातो’ असे लिहिणाऱ्या मुलाची चूक व्याकरणाच्या तासाला दुरुस्त होत नाही, कारण ऐकणारे मूल हे रूप शाळेत येण्यापूर्वीच घरात आत्मसात करून आलेले असते. अक्षर सुबक, वाक्य मात्र तुटक, या विसंगतीचा उलगडा येथे होतो.

वर्गात खुणांना मज्जाव असला तरी वसतिगृहात व क्रीडांगणावर त्या चालूच राहिल्या. 1970 च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील या खुणांचा भाषा म्हणून अभ्यास केला. शासकीय पातळीवर मात्र गती मंद होती. वांद्रे येथे 1983 मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे सांकेतिक भाषेच्या शिक्षकांचे प्रशिक्षण 2001 मध्ये सुरू झाले. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 चे आणि त्याचा पहिला शब्दकोश 2018 चा.

वांद्र्याची संस्था नकाशावर पनवेलपासून दूर नाही. तथापि हार्बर मार्गाची उपनगरी गाडी पनवेलपर्यंत 1998 मध्ये पोहोचली; तोपर्यंत मुख्य भिस्त एस.टी.वर आणि खाडीपुलावर होती. श्रवणयंत्र एकदा घेऊन भागत नाही. मुलाचा कान वाढतो, साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते आणि साचा पुन्हा घ्यावा लागतो. वाणी-उपचाराच्या खेपा वेगळ्याच. रोजंदारीवरील पालकाला यांतील प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. योगायोग असा की, 1998 मध्येच अमेरिकेत क्रिस्तीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेल्या बालकांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा सरस असते, असे त्यात दिसून आले. तान्ह्या मुलाची श्रवणचाचणी शक्य करणारा डेव्हिड केंप यांचा शोध त्याआधीच, 1978 मध्ये, लागलेला होता.

कायद्याने या अडचणीची दखल घेतली, पण दुसऱ्या टोकाला. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात कर्णबधिर विद्यार्थ्याला एकच भाषा घेता यावी, अशी अभ्यासक्रमाच्या फेररचनेची तरतूद होती. 2016 च्या कायद्यातही दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट आहे. सवलत आवश्यकच आहे. परंतु उरलेली एक भाषा मुलाला कोणत्या वयात मिळाली, याचा विचार तीत नाही. 2014 पासून केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या कॉक्लिअर रोपणास साहाय्य मिळू लागले. शस्त्रक्रिया एकदाच होते. त्यानंतर ऐकण्या-बोलण्याचे प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षे नियमित घ्यावे लागते, आणि त्यासाठी मूल कडेवर घेऊन निघालेल्या आईला घराजवळ केंद्र नसेल तर आजही गाडीच पकडावी लागते.